पाखाडी दुरुस्तीच्या नोंदी: संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी, डिसेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाची मुलं आणि आम्ही दोन शिक्षक मिळून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीची पाखाडी दुरुस्त केली. त्या कामाच्या वहीतल्या या नोंदी. कोकणाबाहेरच्यांसाठी एवढंच सांगते की पाखाडी म्हणजे डोंगरउतारावरची घरं जोडणारी, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या तासलेल्या ठोकळ्यांच्या) पायऱ्यांची वाट. ही पाखाडी वरच्या डांबरी रस्त्यावरून निघते आणि खालच्या विहिरीपाशी संपते. तिचा मधला ४६ मीटरचा तुकडा आम्ही घेतला. एवढ्या लांबीत ९ मीटरचा उतार आहे. दुसऱ्या एखाद्या कॉलेजला असं काम करायचं असेल तर भाव, खोळंबे आणि फसलेल्या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, म्हणून वही जवळपास आहे तशी देत आहे. वाडीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही.

१४ डिसेंबर २०२४

ग्रामपंचायतीने बोलावलं होतं अंगणवाडीच्या नव्या इमारतीचा आराखडा करायला. सेविकाताईंनी आधी हजेरीपट पुढे ठेवला. जून ते सप्टेंबर निम्मीसुद्धा मुलं येत नाहीत. का, असं विचारल्यावर त्या उठल्या आणि आम्हाला पाखाडीवर घेऊन गेल्या.

पाखाडीचे तीन तुकडे पडतात. वरच्या तुकड्यावर काही वर्षांपूर्वी काँक्रीट ओतून गुळगुळीत उतार केला आहे. त्यावर वाळलेल्या शेवाळाचा काळा थर आहे आणि पावसात तिथे माणसं बसून उतरतात. खालचा तुकडा जुना आहे, पण शाबूत आहे. मधल्याचे चिरे निखळलेत, दोन ठिकाणी पायरी अशी उरलेलीच नाही. फणसाखालच्या वळणावर गेल्या श्रावणात एक बाई पाण्याची कळशी घेऊन पडल्या आणि मनगट मोडलं.

अंगणवाडीची इमारत वाईट नाही. पत्रे बदलले की पाच-सात वर्षं सहज जातील. त्यामुळे विषय बदलायचा ठरवलं. कॉलेजात हे इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) ‘इमारत’ म्हणून मंजूर होतं, ते ‘वाट’ करून घेण्यात जानेवारी उजाडला. पुढच्या वेळी अर्जात विषय मोघम लिहायचा आणि गावाशी बोलून झाल्यावर पक्का करायचा.

४ जानेवारी २०२५

मोजणी. टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणायचा विचार होता, पण झाडीत आणि वळणांवर त्याचा काही उपयोग झाला नसता. पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोरी, ओळंबा आणि टेप एवढ्यावर सगळं झालं. नळीचं दुसरं टोक धरायला शाळेतली मुलं होती. त्यांना घाई नव्हती, त्यामुळे मोजमापं उलट चांगली आली.

जुन्या पायऱ्यांची उंची चार इंचांपासून अकरा इंचांपर्यंत आहे. पाय घसरण्याचं कारण शेवाळ, असं सगळे म्हणतात. पण आकडे पाहिले की कळतं, पाय आधी अडखळतो. सलग पाच-सहा पायऱ्या सारख्या आल्या की शरीर त्या तालावर चालायला लागतं, आणि मग मध्येच नऊ इंचांची पायरी येते.

जमीन ठणठणीत कोरडी होती. त्यामुळे नकाशावर पाण्याची एकही खूण आली नाही. ही गोष्ट पुढे महागात पडली.

२६ जानेवारी

ग्रामसभेत शीट्स लावल्या, मॉडेल ठेवलं. मुलांनी त्यावर रात्री जागवल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसले, बायका दाराजवळ उभ्या राहिल्या आणि सह्या करून गेल्या. मागण्या आल्या त्या अशा: मोटारसायकल खालपर्यंत जायला हवी, सगळं पक्क्या सिमेंटचं हवं, आणि दिवे हवेत. निर्णय काही झाला नाही. “शिमग्याला मुंबईकर येतील, त्यांच्यासमोर बघू,” असं सरपंच म्हणाले.

सुरुवातीला मुलं हिरमुसली. पण सरपंचांचं म्हणणं बरोबर होतं. वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांचे कर्ते पुरुष मुंबईत आहेत, वाडीचं मुंबईत मंडळ आहे, आणि पैसा तिथूनच येतो. त्यांना सोडून घेतलेला निर्णय टिकलाच नसता.

आणखी एक अडचण कळली. पाखाडीची २३ नंबरला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंदच नाही. म्हणजे वहिवाट शंभर वर्षांची असली तरी कागदावर ती लोकांच्या खाजगी जमिनीतून जाते. सातबाऱ्यावर सामायिक हिस्सेदार, त्यातले बरेच मुंबईला, काही वारलेले आणि वारसनोंद नाही. ग्रामसेवकांनी सुचवल्याप्रमाणे नोंदीचा अर्ज वेगळा केला आणि कामापुरती दोन्ही बाजूंच्या घरांची संमतीपत्रं घ्यायचं ठरवलं. संमतीपत्रं गोळा करायला दोन मुली नेमल्या. त्यांनी या कामात सगळ्यांत जास्त फोन केले आणि गावातली भाऊबंदकी आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळली.

२७ जानेवारी

शीट्स बॅगेत ठेवल्या आणि फक्कीची (पांढऱ्या भुकटीची) पिशवी घेऊन पाखाडीवरच बसलो. ज्या बाया पाण्याला, रानात, रेशनला जात होत्या त्यांच्याबरोबर चालायचं. कुठे भीती वाटते, कुठे टेकावंसं वाटतं, ओझं कुठे उतरवता, असं विचारायचं आणि तिथल्या तिथे फक्कीने खूण करायची. सभेत गप्प असलेल्या बायका इथे भरभरून बोलल्या. दुपारपर्यंत पाखाडी पांढरी झाली होती.

फणसाखालच्या वळणावर एका आजींनी काठी आपटून दाखवलं. “हितं पानी उपाळतंय. आशाढात नाय, सरावनात. हितं शिमिट नको.” मुलांनी ते लिहून घेतलं, पण तक्त्यात ‘इतर सूचना’ या रकान्यात. पायऱ्यांची उंची, टेकायच्या जागा, दिवे यांना स्वतंत्र रकाने होते. पाण्याला नव्हता.

९ फेब्रुवारी

पायरीची उंची ठरवण्यासाठी सुटे चिरे रचून तीन नमुने केले: पाच, सहा आणि सात इंच. इथला चिरा साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद आणि सात जाड असतो. म्हणजे तो सरळ बसवला की सात इंचांची पायरी आपोआप होते. गवंड्याच्या दृष्टीने तेच सोपं. पण आजींना कळशी घेऊन चढायला सांगितलं (रिकामी नव्हे, भरलेली) तेव्हा सात इंचाला त्यांचा हात गुडघ्यावर गेला, सहाला एकदा गेला, पाचाला गेलाच नाही. पाच ठरलं. चिरा दोन इंच जमिनीत पुरायचा. त्याने खोदाई वाढते, पण पायरी हलत नाही, हा फायदाच.

पायरीची रुंदी जास्त अवघड निघाली. एका पावलाची ठेवावी तर उतार बसत नाही, दोन पावलांची ठेवावी तर प्रत्येक पायरीवर तोच पाय वर उचलला जातो आणि एकाच गुडघ्यावर भार येतो. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, पण खालच्या जुन्या तुकड्यात ते बांधलेलं दिसलं. तिथल्या पायऱ्या सव्वीस-सत्तावीस इंचांच्या आहेत. दीड पाऊल. कधी उजवा पाय चढतो, कधी डावा. तोच हिशेब घेतला: पाच इंच उंच, सव्वीस इंच रुंद, एकूण ६९ पायऱ्या. ४६ मीटरात बरोबर बसल्या. ज्यांनी जुनी पाखाडी बांधली त्यांच्यापुढे मुलं त्या दिवशी मनापासून नमली, आणि मीसुद्धा.

१३ ते १७ मार्च, शिमगा

इथे प्रत्येक गावाचा शिमगा वेगळा, कुठे तेरसेचा, कुठे भद्रेचा. आमच्या गावात पौर्णिमेला होळी आणि मग ग्रामदेवतेची पालखी घरोघर. मुंबईकर आलेले, अंगणं सारवलेली, वाडी माणसांनी भरलेली. आम्ही राहण्याची व्यवस्था शाळेत केली होती, पण जेवायला कुणी शाळेत राहू दिलं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं माप या चार दिवसांत मिळालं. पालखी मधल्या तुकड्यातून वर येते. पुढे एक, मागे एक, खांद्यावर दांडा, आणि फणसाखालच्या वळणावर ती अडते. पुढच्याला आतल्या गडग्याला (दगडी कुंपणाला) घासून जावं लागतं, मागचा बाहेरच्या कडेला, जिथे खाली उतार आहे. गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारून दांडा दोरीने मोजला, साडेदहा फूट. आमच्या शीटवर वळणाचा टप्पा (पायऱ्यांमधली सपाट जागा) पाच फुटांचा होता. पाच फुटांत साडेदहा फुटांचा दांडा वळत नाही. आजारी माणसाला खुर्चीवर बसवून नेतात तेव्हाही हेच होतं, असं तिथेच एकाने सांगितलं. टप्पा आठ बाय आठचा केला. त्यासाठी गडगा दोन फूट मागे घ्यायला लागतो. ज्यांचा गडगा, ते पालखीमागेच उभे होते. “देवासाठी जागा जाते, मग बोलायचं काय,” म्हणाले आणि संमतीपत्रावर तिथेच सही केली. जानेवारीपासून त्यांना फोन लागत नव्हता.

१५ तारखेला सहाणेवर (पालखी बसवायच्या चौथऱ्यावर) बैठक झाली. सिमेंटवरून मोठा वाद. मुंबईकरांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही वर्गणी द्यायची तर काम पक्कं हवं, आणि पक्कं म्हणजे सिमेंट. त्यांना अडाणी ठरवणं मला कधीच पटलेलं नाही. त्यांनी आयुष्यभर निसटणारे गडगे आणि गळणारी कौलं बघितलीत. वरच्या काँक्रीटवर शेवाळ कसं धरतं ते दाखवलं, चिऱ्याचा खडबडीतपणा दाखवला, शेवटी तडजोड झाली ती अशी: प्रत्येक पायरीची पुढची ओळ सिमेंटात, मागचा भाग सुका, म्हणजे सिमेंटशिवाय. मंडळाने ७५ हजार कबूल केले, शिवाय घरटी हजार.

मोटारसायकलचा प्रश्न सुटला नाही. एका तरुणाचे वडील डायलिसिसला जातात, गॅसची टाकीही तोच आणतो. त्याची मागणी हौसेची नव्हती. पाच फुटांच्या वाटेत पायऱ्या, गटार आणि चाकाची पट्टी तिन्ही बसत नाहीत, हे त्याला मोजून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याला ते पटलं नाही. वर डांबरी रस्त्यालगत गाड्या लावायला जागा मिळाली, यापलीकडे आम्ही त्याला काही देऊ शकलो नाही.

७ एप्रिल

काम सुरू. मजूर मिळेनात. हापूसची काढणी सुरू झाली की ज्याच्या हाताला काम हवं तो बागेत. हे कुणीही आधी सांगितलं असतं, पण आमचं वेळापत्रक कॉलेजच्या सेमिस्टरवर बेतलेलं होतं. दोन मिस्त्री मिळाले, हजार रुपये रोज. हाताखालची माणसं सहाशेवर. वाळू मिळाली नाही, ग्रिटवर (दगडाच्या बारीक चुऱ्यावर) भागवलं.

चिरा खाणीवर ३२ रुपये, वरच्या रस्त्यापर्यंत पोच ४१. तिथून खाली डोक्यावरून न्यायचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. एक चिरा तीसेक किलोचा. वाहणाऱ्या बहुतेक बाया. बाईला चारशे आणि पुरुषाला सहाशे हा इथला रोजचा दर. दोघांच्या डोक्यावर चिरा तोच. मुलींनी हा मुद्दा लावून धरला आणि मिस्त्रींच्या सल्ल्याने रोज काढून नगावर मजुरी ठरवली: चिऱ्यामागे १२ रुपये, कुणीही वाहो.

१२ एप्रिल

पहिल्या गाडीतले बरेच चिरे मऊ निघाले. पिवळट, मध्ये शेडीचे (मऊ चिकणमातीचे) गोळे. खाणीच्या तळातला माल असावा. मिस्त्रींनी मुलांना शिकवलं: चिरा चिऱ्यावर आपटायचा, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला. ताजा कापलेला चिरा ओला आणि नरम असतो, वाऱ्यावर कठीण होतो, म्हणून थोडी सूट द्यायची. पण शेडी असली की तो पावसात विरघळणारच. खाणवाल्याने बदलून दिले, मात्र त्यात आठवडा गेला. तेव्हापासून गाडी उतरताना एक विद्यार्थी रस्त्यावर उभा राहून प्रत्येक चिरा वाजवून बघत होता. गाडी रिकामी करायच्या आधीच तपासायचा, नंतर कुणी विचारत नाही.

३० एप्रिल

३१ पायऱ्या झाल्या. परीक्षा तोंडावर, अर्धी मुलं परत गेली. वाडीतले चार तरुण रोज संध्याकाळी दोन तास येतात. त्यात तो मोटारसायकलवाला तरुणही आहे.

उद्या १ मेची ग्रामसभा. २३ नंबरच्या नोंदीचा ठराव विषयपत्रिकेवर घेतला आहे. (नंतरची भर: ठराव मंजूर झाला.)

१० मे

फणसाखालचं वळण. मिस्त्री दोनदा म्हणाले, “मॅडम, इथं पुढची ओळ सिमेटात घेऊ नका.” पण सहाणेवर ठरलेलं होतं, मंडळाला शब्द दिलेला होता आणि ड्रॉइंगवर सगळीकडे सारखा तपशील होता. जमीन कोरडी. पाऊस यायला महिना आहे, गरज पडली तर बघता येईल, असा हिशेब केला. टप्पा आठ बाय आठचा सुंदर झाला. खाली भराव लाल मातीचा, चोपून.

२१ मे

कालपासून पाऊस. वळवाची सर नव्हे, धरलेला पाऊस. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं बातम्यांत आहे. शेवटच्या नऊ पायऱ्या बाकी, वरची बाजू उघडी. ताडपत्र्या टाकल्या. मिस्त्रींनी घरी जायचं म्हटलं, त्यांचीच कौलं चाळायची राहिली होती.

२५ मे

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. काल समुद्रावरचा कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनारा ओलांडून आत आला. आज मान्सून कोकणात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. सात जूनचा मृग धरून आखलेलं काम दोन आठवडे आधीच पावसाखाली आलं. या वर्षी मुंबईतही तो नोंदी आहेत तेव्हापासून सर्वांत लवकर पोचतो आहे, त्यामुळे कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण मे अखेरपर्यंत काम ताणणं हाच मुळात जुगार होता.

वळणावर काय झालं ते बारकाईने लिहिते, कारण हेच बाकीच्यांच्या उपयोगी पडेल. फणसाखाली जमिनीतून पाणी उपळलं. आजींनी श्रावण सांगितला होता. एवढा पाऊस एकदम पडल्यावर ते मेमध्येच आलं. पाणी टप्प्याच्या खालून येतं आणि उताराकडे जाऊ पाहतं. पुढे सिमेंटात पक्की केलेली ओळ, म्हणजे बांधच. पाणी तिच्यामागे तुंबलं, चोपलेली लाल माती चिखल झाली आणि ओळीच्या दोन्ही टोकांकडून पातळ गढूळ धार होऊन बाहेर पडू लागली. माती गेली तसे वरचे सुके चिरे बसत गेले. टप्पा आणि त्याखालच्या पाच पायऱ्या वाकड्या झाल्या. पुढची ओळ मात्र जशीच्या तशी उभी. जे ‘पक्कं’ होतं तेच बाकीच्याला घेऊन गेलं.

बाकी सगळीकडे सिमेंटची ओळ नीट काम करते आहे. तडजोड चुकीची नव्हती. ती सरसकट लावली हे चुकलं.

२ जून

दुरुस्ती, पावसातच. सिमेंट पावसात करता येत नाही, सुकं काम करता येतं. डोक्यावर इरलं घेऊन मिस्त्री आले, वाडीतले दहा-बारा जण आले.

पायऱ्या उचलल्या. दीड फूट खोलीपर्यंत लाल माती काढून टाकली. तळाला काळ्या दगडाचे गोटे, वर खडी, त्यावर चिऱ्याच्या ठिकऱ्या, आणि मग चिरे सुके बसवले. पुढची सिमेंटची ओळ फोडली. ती फोडायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. नवी ओळ सुकी, दोन चिऱ्यांमध्ये अर्ध्या इंचाची उभी फट ठेवून. टप्प्याखालून चिऱ्यांची नऊ इंचांची आडवी मोरी.

मोरीचं पाणी जाणार कुठे? खालच्या बाजूला एकांचं बांबूचं बेट आहे. मालक डोंबिवलीला. फोनवर त्यांनी हरकत घेतली नाही, पण पाणी घराच्या चौथऱ्याकडे वळता कामा नये अशी अट घातली, आणि ती रास्त होती. गडग्याच्या कडेने आणखी १८ मीटर नाली काढून पाणी पऱ्याला (ओढ्याला) सोडलं. पाखाडीचं काम पाखाडीपुरतं राहत नाही. पाणी ज्याच्या जमिनीत सोडाल तो तुमच्या कामातला भागीदार होतो, त्याला पहिल्या दिवसापासून बैठकीला बोलवायला हवं.

मिस्त्रींनी काम संपल्यावर वरून चार कळशा ओतल्या. पाणी टप्प्यात गेलं आणि थोड्या वेळाने मोरीच्या तोंडातून स्वच्छ बाहेर आलं. गढूळ नाही. माती वाहत नाही याची ही खूण, असं त्यांनी मुलांना सांगितलं.

१८ जून

राहिलेल्या नऊ पायऱ्या दोन सरींच्या मध्ये सुक्या पद्धतीने पूर्ण केल्या.

कॉलेजात पुढच्या वर्षीच्या इलेक्टिव्हची बैठक झाली. नवी बॅच, नवं गाव, असा आग्रह आहे, कारण प्रदर्शनात वेगवेगळी गावं चांगली दिसतात. मी हट्टाने याच वाडीसाठी अर्ज केला. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाचा रुरल स्टुडिओ (तिथेही आर्किटेक्चरची मुलं खेड्यात प्रत्यक्ष बांधकाम करतात) सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये सुरू केला. मॉकबी २००१ मध्ये गेले, तरी स्टुडिओ आजही त्याच हेल काउंटीत काम करतो आहे. एका बॅचने बांधलेलं गळतं कुठे, ते पुढच्या बॅचला दिसतं. आपल्याकडे सेमिस्टर मेमध्ये संपतं आणि पाऊस जूनमध्ये येतो, म्हणजे मुलांनी केलेल्या कामाची परीक्षा त्यांच्या पाठीमागे होते. निकाल पाहायला कुणी थांबतच नाही. गुण दिले गेले, पण ते कोरड्या दिवसांचे गुण आहेत.

२० जुलै

पावसाळी मोजणी. जानेवारीच्या नकाशावर ट्रेसिंग ठेवून फक्त पाणी काढलं: कुठून येतं, कुठे साचतं, कुठे वेग घेतं. मुलं छत्री सोडून रेनकोटात चालली, भिजली, तीन वह्या लगदा झाल्या. पुढच्या वेळी पेन्सिल आणि प्लास्टिकची पाटी. एकट्या या नकाशाने जानेवारीतल्या सगळ्या शीट्सपेक्षा जास्त सांगितलं. माझ्या हातात असतं तर इलेक्टिव्ह जुलैत सुरू केलं असतं.

वळण टिकून आहे. पऱ्याकडची नाली वाहते. शेवाळ दोन ठिकाणी आहे, दोन्ही फणसाच्या आणि आईनाच्या दाट सावलीत. काथ्याने घासून निघतं, काँक्रीटवरचं निघत नाही. गटार पानांनी तुंबतं. कोणी काढायची पानं? ग्रामपंचायतीकडे माणूस नाही. महिला बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या की हे काम बायकांच्याच गळ्यात पडणार असेल तर आत्ताच सांगा. मग यादी घरवार झाली, आठवड्याला दोन घरं, बाई जाईल की पुरुष ते त्या घराने बघावं. यादी अंगणवाडीच्या दारावर लावली आहे.

३१ ऑगस्ट

गौरी आणायच्या दिवशी बायका तेरड्याची गौर घेऊन विहिरीपासून वर आल्या. पाऊस होता. टेकायच्या दोन जागांपैकी वरची चुकीच्या ठिकाणी आहे, ती कुणीच वापरली नाही. सगळ्या चार पायऱ्या पुढे, आंब्याच्या बुंध्यापाशी थांबल्या. फक्कीच्या खुणा काढल्या तेव्हाही तिथेच खूण होती, पण ‘समान अंतर’ राखायला आम्ही जागा सरकवली होती.

मुंबईकरांनी वळणाची फोडलेली ओळ बघितली आणि विचारलं. जे घडलं ते सगळं सांगितलं, तुंबलेल्या पाण्याचे फोटो दाखवले. मंडळाच्या खजिनदारांनी फोटो मागून घेतले. वरच्या काँक्रीटच्या तुकड्याचं काय करायचं हे त्यांनीच पुढे काढलं.

७ सप्टेंबर, हिशेब

चिरे ७०० नग: २८,७०० रुपये. डोक्यावरून वाहतूक: ८,४००. मिस्त्री आणि हाताखालची माणसं: ९८,०००. सिमेंट, ग्रिट, खडी: २१,५००. जूनमधली दुरुस्ती आणि पऱ्यापर्यंतची नाली: १७,४००. एकूण १,७४,००० रुपये. अंदाजपत्रक १,१०,००० चं होतं. फरकातला मोठा भाग मजुरीचा आहे. आंब्याच्या हंगामात काम धरल्यामुळे ते रेंगाळलं. त्याच माणसांनी फेब्रुवारीत तेच काम कमी दिवसांत केलं असतं. वाडीचं श्रमदान यात धरलेलं नाही, आणि त्याची किंमत मांडणं मला बरोबर वाटत नाही.

जमा: मंडळ ७५,०००, घरटी वर्गणी ३१,०००, कॉलेज ४०,०००, माजी विद्यार्थी २८,०००. मुलांचा प्रवास आणि शिधा कॉलेजने वेगळा दिला, ३८,०००.

अंगणवाडीची पावसाळ्यातली हजेरी गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे, असं सेविकाताई सांगतात. एका पावसाळ्यावरून मी काही ठरवणार नाही.

बाकी कामं: वरची टेकायची जागा आंब्यापाशी हलवणं. वळणाच्या बाहेरच्या कडेला कठडा, पण पालखीचा दांडा अडणार नाही अशा उंचीचा. हे माप शिमग्यालाच घेता येईल. वरच्या काँक्रीटला आडव्या खाचा पाडून बघणं, आधी दोन मीटरवर. डायलिसिसवाल्या काकांसाठी खुर्चीची डोली, तिचं ड्रॉइंग त्यांच्या मुलाबरोबर बसून सुरू केलं आहे. त्याला ती दोन माणसांत उचलता यायला हवी, चार माणसं वाडीत दरवेळी सापडत नाहीत. काम जानेवारीत सुरू करून एप्रिलच्या आत संपवायचं. चिऱ्यांची मागणी दिवाळीनंतर लगेच द्यायची.